हलकं यंत्र आणि वाकलेली तुळई

मे महिन्यात नागपुरात लाकूड वाळून खडखडीत होतं. दारं आक्रसतात, फटी पडतात. मग आईच्या कथकच्या वर्गाचं दार मात्र चौकटीत घट्ट का अडकत होतं? सुताराने ते दोनदा रंधून दिलं, तरी पुन्हा अडकलं. "दार फुगलंय," असं सगळे म्हणायचे. भर उन्हाळ्यात दार फुगतं कसं, असं विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची. मला या गोष्टीचा फार राग येतो.

त्या सकाळी मापारी आला. मापारी म्हणजे इमारती तपासणारा यंत्रमानव. आमच्या व्यापारी संकुलाच्या गच्चीवर नवं वातानुकूलन यंत्र (सगळ्या मजल्यांना थंड हवा पुरवणारं मोठं यंत्र) बसायचं होतं. ते वर चढवायला क्रेन आली होती आणि संकुलाचे सचिव उमाठेकाका तिच्याभोवती लग्नातल्या मुलीच्या बापासारखे लगबग करत होते. बाहेर पारा एकोणपन्नासवर आणि जुनं यंत्र बंद. तरी सगळ्यात वरच्या मजल्यावर आईच्या वर्गात मुली घामाघूम होऊन नाचत होत्या.

"परवानगी नाही," मापारी म्हणाला.

काका उसळले. "काऊन नाही? नवं यंत्र जुन्याहून हलकं आहे नं! हलकं ठेवल्यानं छत पडते का कुठं?"

मलाही ते पटलं. जड काढून हलकं ठेवलं तर छताला उलट बरंच वाटेल की!

"जड काढलंत का?" मापारीने विचारलं. "वर चला."

गच्चीवर पाऊल टाकलं आणि मी थिजलेच. ताडपत्रीखाली एक नाही, तीन जुनी धुडं उभी! प्रत्येक वेळी नवं यंत्र आलं की जुनं गच्चीच्या मधोमध सरकवून ठेवलेलं.

"फेकून काऊन द्यायचं? सुटे भाग कामी पडतात," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. आमच्या घरात तीन मिक्सर आहेत, चालतो एकच.

मापारीने दोन विटांवर एक लांब लाकडी पट्टी आडवी टाकली. "मैथिली, तिसरी वीट पट्टीच्या टोकाला ठेव. बरोबर खालच्या विटेच्या वर."

ठेवली. पट्टी ढिम्म हलली नाही.

"आता तीच मध्यावर ठेव."

पट्टी वाकली.

"पण वीट तर तीच आहे!" मी ओरडले.

"म्हणून नुसतं वजन विचारून भागत नाही," मापारी म्हणाला. "ते कुठे ठेवलंय आणि खाली कुठल्या वाटेने उतरतं, तेही विचारावं लागतं. छताचं वजन येतं तुळईवर (दोन खांबांवर टेकलेल्या आडव्या आधारावर). तुळईकडून ते खांबांकडे, खांबांकडून पायाकडे आणि तिथून जमिनीत जातं. खांबाजवळचं वजन सरळ खाली उतरतं. मधोमध ठेवलेलं वजन मात्र तुळईला वाकवतं. म्हणून यंत्र बदलताना गच्चीवर आज जे जे आहे, ते सगळं धरायचं असतं. तुळईवरचा भार शंभराला पाचपेक्षा जास्त वाढणार असेल, तर ती तो पेलेल का, याचं गणित अभियंत्याने नव्याने मांडायचं. तुम्ही दर वेळी नव्याची तुलना फक्त शेवटच्या जुन्याशी केलीत."

मी त्या तीन धुडांकडे पाहिलं. जिना त्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी व्हरांडा, म्हणजे यांच्या बरोबर खाली... आईच्या वर्गाचं दार!

"दार फुगलेलं नाहीये!" मी म्हणाले. "तुळई वाकलीये! ती चौकटीवर दाबून बसलीये!"

"बरोबर," मापारी म्हणाला. "आणि तिच्याखाली मुली पाय आपटून नाचतायत. आधी त्यांना बाहेर काढा."

उमाठेकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची नात केतकी त्याच वर्गात होती. एवढे वजनदार काका, पण जिना असे उतरले की मला त्यांना गाठता येईना. खाली दार अडकलेलंच! काकांनी खांद्याने धडक दिली. दुसऱ्या धडकेला ते उघडलं.

"बाहेर! सगळ्या बाहेर!"

"अहो, तालीम चाललीये," आई चिडून म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मुलींना जिन्याकडे पिटाळलं. मी शेवटच्या मुलीचा हात धरून खाली आले. आईला मी इतकी घट्ट मिठी मारली की तिचे घुंगरू मला टोचले.

क्रेनने त्या दिवशी वर काहीच चढवलं नाही. आधी तिन्ही धुडं उतरवली. आता अभियंता तुळई तपासणार, लागला तर तिला जोड देणार आणि मगच नवं यंत्र खांबांच्या आधारावर बसणार. तोवर वर्ग माझ्या शाळेच्या सभागृहात.

काका केतकीला कवेत घेऊन फुटपाथवर बसले होते. "मीच सरकवायला सांगितली होती गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बोलता बोलता त्यांची नजर समोरच्या दवाखान्याच्या गच्चीवर गेली. तिथंही ताडपत्री फडफडत होती.

त्यांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. "ढोबळेसाहेब, तुमच्या गच्चीवर जुनी यंत्रं किती आहेत?... हो, कामी पडतात, मला माहीत आहे. आधी खालच्या खोलीतले पेशंट हलवा, मग बोलू."

मापारी तोवर रस्ता ओलांडूनही गेला होता. मी त्याच्या मागे पळाले.