उष्ट्या हळदीचा लाल रंग

नवऱ्या मुलाची उष्टी हळद भांडुपच्या राणे कुटुंबाकडे आली तेव्हा पिवळीधमक होती. घटकाभराने ओट्यावरच्या वाटीत ती लालभडक दिसली. हळद घेऊन आलेली नवऱ्याची बहीण सई म्हणाली, हा अपशकून आहे, लग्न होणं कठीण. सगळ्यांच्या नजरा नवरीच्या विधवा आत्याकडे, रुक्मिणीकडे वळल्या. आत्या आपली पिशवी भरू लागली.

शेजारच्या हर्षदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात आत्या एकटीच होती, हे तोच बोलून गेला होता. त्याने घाईघाईने आपल्या मैत्रिणीला, खाजगी तपास करणाऱ्या संघमित्राला बोलावून घेतलं.

संघमित्राने एकेकाला विचारलं. सईने वाटी नवरीच्या वडिलांच्या, राजेशच्या हातात दिली होती. ती ओट्यावर ठेवून आपण दारातल्या रांगोळीत रंग भरायला गेलो, असं राजेश लवंग चघळत म्हणाला. आपलं बोट लाल झालंय तेही त्या रंगानेच, असं त्याचं म्हणणं. तोंडाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी तंबाखू सोडली, लवंग धरली, असं श्रुतिकाने, म्हणजे नवरीने, कौतुकाने सांगितलं. आत्या तिथेच खाली बसून विळीवर नारळ खवत होती. हळदीला हात लावला नाही, एवढंच ती म्हणाली. तिच्या बोटांवर डाग नव्हता.

"हर्षद, लिंबू आण."

रस पिळून ढवळताच हळद पुन्हा पिवळी झाली. सईने वाटीत वाकून पाहिलं.

"हळदीचा रंग म्हणजे डायकार्बोनिल जातीचं एक रसायन," संघमित्रा म्हणाली. "त्यातला एक हायड्रोजन अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, सहज ओढून घेते, की पिवळ्याचं लाल होतं. आंबट घातलं, की तो परत मिळतो. अपशकून कसला?"

"साबण असेल ना वाटीला," हर्षद म्हणाला.

"मग हळद लाल होऊनच आली असती, रे. अल्कली इथे पडली. काका, बोट पुढे करा."

लिंबाचा थेंब पडताच राजेशचं लाल बोट पिवळं झालं.

"रांगोळीचा रंग असता तर बदलला नसता. तंबाखू मळताना चुना, म्हणजे अल्कलीच, वाटीत पडला आणि तुम्ही तो बोटाने काढायला गेलात. लवंग फक्त वास झाकायला."

राजेशने खिशातून चुन्याची डबी काढली. मुलीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"तुला शब्द दिला होता, बाळा," तो म्हणाला. "ताईवर आलं, तरी मी गप्प बसलो."

"मी बघितलंय तुका, राजेश," आत्या हळूच म्हणाली. "माका वाटला, तू बोलशीत."

श्रुतिकाने वाटी उचलून आत्यापुढे धरली आणि गाल पुढे केला. पहिली हळद आत्यानेच लावली. हर्षदला मान वर करवेना.

मग सगळे एकेक करून हळद लावू लागले. राजेश पुढे आला नाही, आणि त्याला कोणी बोलावलंही नाही.