आश्रुबांचा आवाज

शिरूर कासारच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या दूध सोसायटीचे सचिव आश्रुबा. दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध आटलं, पण सोसायटीचा भोंगा काही बंद पडला नाही. पाण्याचा टँकर आला की आश्रुबा भोंग्यावरून पुकारत, "टँकर आलाय, या बायांनो, सावकाश या." त्या भरदार आवाजावर सारा गाव घागरी उचलायचा.

मग त्यांचा घसा बसला. बिड्यांनी बसला असेल म्हणून दोन महिने काढे झाले. गिळताना कानापर्यंत कळ जाऊ लागली तेव्हा दवाखाना गाठला. घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं. महिन्यानं आश्रुबा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथूनच. बोलणं कायमचं संपलं. हसले तरी नुसती हवा फुसफुसायची. बायको छबुबाई रोज दुपारी तांब्याभर पाणी उकळून त्यांच्या गळ्यातली नळी धुवायची, आणि तेवढा वेळ ते भिंतीकडं तोंड करून बसायचे.

अशाच एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, हाळी आली. "टँकर आलाय, या बायांनो..."

छबुबाईचा हात जागीच थांबला. आवाज आश्रुबांचा होता. आश्रुबा तर समोर बसले होते, ओठ मिटून.

बाया घागरी घेऊन धावल्या. टँकर नव्हता. सोसायटीला कुलूप होतं. शेजारची आमिनाबी दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "भाभी, भाईजान बोलायलेत का?"

"न्हाई गं."

"मग हिरीकडून कोन बोललं?"

गावविहीर दोन वर्षांपासून कोरडी पडली होती. दुसऱ्या दुपारी तिच्याकडून गावातल्या तुळजाबाईला हाक आली. म्हातारीला ढोल वाजला तरी ऐकू यायचं नाही. पण ही हाक तिला ऐकू आली. घागर घेऊन गेली, ती दिवस मावळताना विहिरीच्या तळाशी मरून पडलेली सापडली. उन्हानं भोवळ आली असेल, असं लोक म्हणाले. पण आश्रुबांच्या दारावरून जाताना ते माना खाली घालू लागले.

चौथ्या दुपारी हाक आली, "छबू... ये गं..."

त्या आवाजाला आपण किती आसुसलो होतो, हे छबुबाईला तेव्हाच कळलं. ती अनवाणी चालू लागली. फुफाट्याचा चटकासुद्धा तिला जाणवला नाही. मागून आश्रुबा धावत होते, ओरडू बघत होते, आणि गळ्यातून नुसती हवा सुटत होती. कठड्यापाशी त्यांनी तिचा पदर धरला तेव्हा ती भानावर आली.

खालून वाळल्या शेवाळाचा वास येत होता. "छबू... मी हितं हाय..."

पदरावरची पकड सुटली. आश्रुबा कठड्यावर वाकले होते. त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी बोट आपल्या गळ्याला लावलं, मग खाली दाखवलं. आणि एक पाय कठड्यावर ठेवला.

छबुबाईनं त्यांच्या कमरेला मिठी घातली. "न्हाई ओ! त्यो तुमचा न्हाई! तीस सालात माजं नाव घेतलंत का कदी? 'आगं ए' म्हनूनच हाक मारली ना? मग मला छबू म्हननारा ह्यो कोन?"

आवाज थांबला.

मग अगदी हळू, शिकल्यासारखं, "आगं ए..."

छबुबाईनं नवऱ्याला ओढत घर गाठलं. चार माणसांनी विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली. त्यानंतर हाक आली नाही.

तीन महिन्यांनी ती दोघं दवाखान्यात तपासणीला गेली. बाकावर सगळी गळ्याला पट्ट्या बांधलेली माणसं, कुणी पाटीवर लिहीत, कुणी खुणा करत. शेजारी धारूरची शिवकन्या नावाची बाई बसली होती. बराच वेळ चुळबुळ करून ती छबुबाईच्या कानाशी आली.

"मावशी... हसू नका. घरून निगताना आतल्या खोलीतून आमच्या मालकांनी हाक मारली. वळून बगितलं, तर ह्ये माज्याम्होरं रस्त्यावर उबे."

छबुबाईनं तिचा हात धरला. "आपरेशन कदी झालं त्यांचं?"

"झालं कुटं?" शिवकन्या म्हणाली. "उद्या हाय."