आरशासारखी दोन नाणी

“माझी नाणी बदलली,” शंकरप्पा म्हणाले. हे ते चौथ्यांदा म्हणत होते आणि त्यापुढे काही केल्या सरकत नव्हते.

यशोधराबाईंनी कपाळ चोळलं. अंबाजोगाईहून केजपर्यंत त्या जीपमध्ये सोळा माणसांत आंबून आल्या होत्या. विमा कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत एकाही अशिलानं गोष्ट सुरुवातीपासून सांगितली नव्हती.

“चोर कोण ते मालकांनी सांगितलंच हाय, बाई,” सुंदरराव कानाशी लागले. “आपण निस्ता माल हुडकायचा.” सुंदरराव निवृत्त हवालदार, आता बाईंचे मदतनीस. तीस वर्षं त्यांनी माणसं धरली होती, आणि त्यातली बरीचशी दुसऱ्या दिवशी माफी मागून सोडली होती.

“नाणी कुठली, कधी घेतली, कधी बघितली. ओळीनं सांगा,” यशोधराबाई शंकरप्पांना म्हणाल्या.

शंकरप्पांचं केजच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. १९७३ साली त्यांनी मुंबईच्या टांकसाळीकडे फॉर्म भरून एक प्रूफ संच मागवला होता. आठ महिने वाट पाहिल्यावर तो टपालानं आला. त्यात वीस आणि दहा रुपयांची दोन मोठी चांदीची नाणी आणि बाकी चिल्लर.

“प्रूफ म्हंजे खर्चायचं नाणं न्हाई,” शंकरप्पा आता खुलले. “खास साच्यात दोन-दोनदा दाबतेत. अक्षरं पांढरीफेक, आन् मधली जागा आरशावानी. मी त्यात माझी मिशी बघायचो! गेल्या महिन्यात इकायला काढली. पोराला दुकानात एसटीडीचं बूथ टाकून द्यायचंय. सोलापूरला पुण्याचा एक यापारी आलता. त्यानं भिंग लावलं, आन् म्हनला, प्रूफचा भाव येणार न्हाई. बस. मी डबी उचलली, तडक गावी.”

“का येणार नाही, ते विचारलं नाहीत?”

“इचारायचं काय त्यात? नाणी बदलली!”

पाचव्यांदा. यशोधराबाईंनी मनात दहा आकडे मोजले.

कपाटाची चावी जानेवारीत महिनाभर दिवाणजी सुग्रीवकडे होती, कारण शंकरप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी दोन वर्षं ते माणसं आवाजावरून ओळखत. आता जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि सगळ्यात आधी त्यांना सुग्रीव चोर दिसला. मागच्या आठवडी बाजारी दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी ते गावभर ऐकवलंही होतं. आज पुन्हा बाजार होता.

“सांजच्यापर्यंत पुरावा द्या, न्हाईतर मी तसाच ठाण्यात जातो.”

यशोधराबाईंनी डबी उघडली. मखमलीच्या खाचांत चिल्लर नाणी लखलखत होती. ही तर खरंच आरशासारखी होती. दोन मोठी नाणी मात्र गढूळ. भिंगाखाली त्यांच्यावर केसासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसले, आणि अक्षरांच्या खोबणीत काहीतरी पांढरं बसलेलं. मखमलीखाली टांकसाळीचा इंग्रजी कागद घडी करून ठेवलेला होता. तो त्यांनी वाचला आणि वहीत ठेवला.

“पांढरी भुकटी!” सुंदररावांचे डोळे चमकले. “खडू! बाई, हे मास्तराचं काम हाय.”

मास्तर होता खरा. धर्मराज गुरुजी, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि नाणी जमवायचे. तीन वर्षांपूर्वी याच संचाला त्यांनी तीन हजार रुपये देऊ केले होते आणि शंकरप्पांनी त्यांना हाकलून दिलं होतं.

निघताना यशोधराबाई दुकानातल्या गादीमागच्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे गेल्या दिवाळीचा रंगीत फोटो टांगला होता. शंकरप्पा लक्ष्मीपूजनाला बसलेले, शेजारी उमाबाई, पुढे झेंडू, नव्या वह्या आणि चांदीनं भरलेलं तबक. मुलानं नव्या कॅमेऱ्यातून काढलेला. शंकरप्पा कौतुकानं म्हणाले, “माजा चेहरा कसा आलाय बघा.”

“चेहऱ्याकडे नाही बघत मी,” त्या म्हणाल्या.

दुकानामागेच घर होतं. उमाबाई पोळ्या लाटत होत्या आणि सून शिवकन्या भाजत होती. तिचं लग्न गेल्या उन्हाळ्यातलं.

“सुग्रीव तसला माणूस न्हाई वो,” उमाबाई म्हणाल्या. “पन ह्यांच्या म्होरं बोलायचं कुणी? माज्या लग्नानंतर ह्यांनी माजं एक आयकलेलं मला याद न्हाई.”

“तुम्ही ती नाणी पाहिली होती?” यशोधराबाईंनी सुनेला विचारलं.

“व्हय की. दिवाळीत कसली लखलखत व्हती! आता बघवत न्हाई. त्येनंतरच बदलली असतील,” शिवकन्या म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आल्यावर सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. “झालं की! दिवाळीत खरी, माघात खोटी. मधी चावी सुग्रीवाकडं. खडूबिडू जाऊ द्या, सुग्रीवच.”

“दहा मिनिटांत दोन चोर धरलेत. जेवायच्या आत तिसरा धरू नका.” यशोधराबाईंचा आवाज चढला. मग त्या स्वतःवरच वैतागल्या. त्यांना उन्हाचा त्रास होत होता, आणि ती मुलगी खरं बोलत होती तरी काहीतरी जुळत नव्हतं, हा त्रास आणखी वेगळा.

बसवेश्वर सराफ आपल्या पेढीवर कसोटीचा दगड पुसत बसले होते. शंकरप्पा सोलापूरहून परतले ते थेट त्यांच्याकडेच आले होते.

“कसाला लावलं. निम्मी चांदी, निम्मी भेसळ. मी सरळ सांगितलं, आप्पा, तुमाला कुणीतरी टोपी घातली.”

“बरोबर निम्मी?”

“अगदी निम्मी. माजा हात चुकत न्हाई.”

“खोटं नाणं पाडणारा इतका काटेकोर कशाला राहील?”

सराफांनी दगडाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “ते माजं काम न्हाई,” ते म्हणाले.

धर्मराज गुरुजी सकाळची शाळा सुटल्यावर भेटले. अंगावर खडू होताच, आणि सुंदररावांनी कोपरानं खूणही केली.

“मला ती नाणी आता कुणी दाखवत नाही,” गुरुजी करवादले. “माझ्यावरच संशय! गावात नाण्यातलं कळणारा मी एकटा, आणि मलाच विचारायचं नाही.” त्यांनी एक वही काढली. पाहिलेल्या प्रत्येक नाण्याचं वजन आणि खोड ते त्यात टिपत. “खोड सापडली की भाव पाडून मागता येतो. हे बघा, मार्च एक्याण्णव. ‘वीस रुपये, निर्दोष. दहा रुपये, कडेच्या रेघांमध्ये एक रेघ बुजलेली, सालाच्या बरोबर खाली.’”

यशोधराबाईंनी ते दोनदा वाचलं आणि वही मागून घेतली. गुरुजींनी ती पोटचं पोर द्यावं तशी दिली.

सुग्रीव बसस्थानकामागे, पत्र्याच्या खोलीच्या दारात बसला होता. चाळिशी उलटलेला, पांढरा स्वच्छ सदरा.

“बावीस वर्सं तिथं व्हतो. ती नाणी मागवायचा फारम मीच भरलता, मालकाला इंग्रजी येत न्हाई म्हनून. माजा बाप शिरूरकडून फडात जायचा, ऊस तोडायला. घरात पयला मी, ज्यानं कोयता सोडून टाक धरला.” तो थांबला. “हप्ता झाला, चार दुकानं फिरलो. कुणी उभं करत न्हाई. पोरीची बघाबघी ठरलती, तेबी आले न्हाईत. तुमी पुरावा हुडकायला आलात नव्हं? हुडका. खोलीत दोन ट्रंका हायेत.”

सुंदरराव ट्रंकांकडे वळले. यशोधराबाई म्हणाल्या, “राहू द्या. सुग्रीवभाऊ, चार वाजता दुकानात या.”

“मी कावून येऊ तिथं?”

“मी बोलावते म्हणून.”

चार वाजता सगळे दुकानात जमले. बाहेर बाजार ऐन भरात होता. उंदराचं औषध विकणाऱ्याचा बॅटरीवरचा भोंगा कान किटवत होता, वीज गेली होती आणि पंखा बंद. सुग्रीव आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बावीस वर्षं ज्या गादीशेजारी तो बसला, तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“सांगा चोराचं नाव,” शंकरप्पा म्हणाले.

“आधी नाण्यांचं सांगते.” यशोधराबाईंनी दहाचं नाणं गुरुजींच्या हातावर ठेवलं. “सालाच्या खालची कड बघा.”

गुरुजींनी ते दोन बोटांत, फक्त कडेनं धरलं आणि भिंगापाशी नेलं. मग खाली बसले. “रेघ बुजलेली आहे. हे तेच नाणं. अरे देवा, काय केलंत हे त्याचं?”

“खोटं!” शंकरप्पा ओरडले. “सराफ म्हनले निम्मी भेसळ हाय!”

“सराफ बरोबर बोलले. हा डबीतला टांकसाळीचा कागद. यात छापलंय, अर्धी चांदी, अर्धे इतर धातू. सरकारनं पाडलं तेव्हाच ते निम्मं होतं. वीस वर्षं कागद तुमच्या मखमलीखाली होता, आप्पा. एकानंही वाचला नाही, आणि एकानंही विचारलं नाही.”

बसवेश्वर सराफ खोकले.

“म्हंजे चोरी झालीच न्हाई?” सुंदररावांचा चेहरा पडला.

“नाही. पण आरसा गेला. कुठे गेला? एक, फक्त चांदीची दोन नाणी बिघडली, चिल्लर जशीच्या तशी. म्हणजे डबीतून कुणीतरी चांदी तेवढी वेचली आणि परत ठेवली. दोन, ओरखडे गोल आहेत, अंगठ्यानं घासल्यावर पडतात तसे. तीन, ही पांढरी भुकटी. सुंदरराव खडू म्हणाले. आप्पा, गळ्यातली इष्टलिंगाची डबी जरा पुढे करा.”

शंकरप्पांनी नकळत छातीवरची चांदीची डबी धरली. तिच्या नक्षीत तसंच पांढरं बसलेलं होतं.

“विभूती,” उमाबाई हळूच म्हणाल्या. “देवाच्या चांदीला आमी चुलीतली राख, चिंच लावत न्हाई. विभूतीच्या वड्यांचा चुरा ऱ्हातो, त्यानंच घासतो.”

“आणि चौथी गोष्ट शिवकन्या बोलली. दिवाळीत नाणी लखलखत होती. कपाटातल्या बंद डबीतली नाणी तिनं दिवाळीत पाहिली कशी?” त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि भिंग शंकरप्पांच्या हातात दिलं. “चेहरा सोडा. तबक बघा.”

तबकात विड्याच्या पानांवर दोन मोठी गोल नाणी होती, एक मोठं, एक त्याहून लहान. दोन्हींवर कुंकवाचे ठिपके होते, आणि ते लावणारं शंकरप्पांचं बोट अजून तिथेच होतं.

शिवकन्या पुढे आली. “मी घासली, मामंजी. पयलीच दिवाळी व्हती माजी. तुमीच म्हनलात, घरातली समदी चांदी काढ आन् उजळ. मी दुपारभर घासली. पूजा झाल्यावर धुतली, पुन्ना पुसली, डबीत ठिवली. कसली चमकत व्हती! मला वाटलं, मागनं कुणी बदलली.”

“दिव्याच्या उजेडात घासलेली चांदी चमकतेच,” गुरुजी म्हणाले. “पण प्रूफचा आरसा हा साच्याचा असतो. नुसत्या रुमालानंसुद्धा मरतो. आता याचे चांदीचे दीड-दोनशे येतील. काही केलं तरी तो परत येत नाही.” त्यांना खरंच रडू येत होतं.

“पोरीला बोलू नका,” यशोधराबाई म्हणाल्या. “हुकूम तुमचा होता. नाणी तुमच्या बोटाखाली होती, फक्त डोळे नव्हते. त्या व्यापाऱ्याला ‘का’ एवढं जरी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं. तुम्ही न विचारता घरी आलात आणि पायरीवर उभे राहिलात.”

शंकरप्पांनी भिंग गादीवर ठेवलं. मग खाकरून, उंबऱ्याकडे न बघता म्हणाले, “चूक झाली, सुग्रीवा. जाऊ दे. उद्यापासून ये कामाला.”

“न्हाई, मालक.”

“आता आनिक काय? म्हनलो की चूक झाली!”

“हितं आत सात माणसं हायेत,” सुग्रीव म्हणाला. “मला चोर म्हनलात ते भायेर. भर बाजारात.”

शंकरप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आता हा माणूस फुटणार, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात उमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या गादी ओलांडून दाराशी गेल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “मी उभी ऱ्हाते बाजूला.”

शंकरप्पा पायरीवर आले. जाड चष्म्यातून त्यांना अख्खा बाजार दिसत होता, प्रत्येक चेहरा ओळखीचा.

“सुग्रीवानं चोरी केलेली न्हाई,” ते म्हणाले.

उंदराच्या औषधाच्या भोंग्यात ते बुडून गेलं. समोरच्या भाजीवालीनं मान वर केली, एवढंच. सुंदरराव तडक गर्दीत घुसले आणि त्यांनी भोंग्याची वायर उपटली. दिवसभरातलं त्यांचं हे एकच काम अचूक झालं.

“सुग्रीवानं चोरी केलेली न्हाई!” शंकरप्पा ओरडले. “चूक माजी हाय! मी आंधळा व्हतो!”

माणसं थांबली. तराजू थांबले. शंकरप्पा घामानं भिजले होते. ते आत वळणार तोच पायरीखालून सुग्रीवचा आवाज आला.

“आनिक एकदा म्हना, मालक. भुसार लाइनीपर्यंत गेलं न्हाई.”

शंकरप्पांनी उमाबाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.