पिशवीच्या पोटातला तुकडा

"चारच्या आत तिन्ही गोधड्या हॉलमध्ये पोचल्या पाहिजेत!" वैष्णवी म्हणाली आणि मैत्रिणीचा, आलिमाचा, हात धरून जिना उतरत सुटली.

झालं होतं असं. इंदिरानगरच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. वैष्णवीच्या आजीने, वत्सलाबाईंनी, नऊ कापडी पिशव्या दिल्या होत्या. सकाळी जाऊन बघतात तर पिशव्यांपुढे पाटी भलत्याच शिलाई वर्गाची. मांडणीवाल्या कुंदनने सगळ्यांचा माल एकाच पोत्यात कोंबून आणला आणि मोबाइलवर बोलत बोलत पाट्या लावल्या. चार वाजता पाहुण्याबाई उत्तम शिलाईचा मान देणार होत्या, तो पाटीवरच्या नावाला.

"पिशवीसारखी पिशवी. तुमचीच कशावरून?" कुंदनने विचारलं.

"भाकरी थापणारीला तिची भाकर कळते," आजी म्हणाली. "तुला ताटात वाढली तरी कळायची नाय."

एवढं सुनावून ती घरी आली खरी, पण दुपारभर तिने सुई हातात घेतली नाही. वैष्णवीने हे पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोधडी संपली की दुसरीचं कापड जमेपर्यंत आजी पिशव्या शिवायची. रिकामा हात आखडतो, म्हणायची. आणि प्रत्येक पिशवीच्या आतल्या खिशाला नुकत्याच संपलेल्या गोधडीतला उरलेला तुकडा! आलिमाला ते बरोबर आठवलं. म्हणजे या नऊ पिशव्यांचे खिसे आजीच्या शेवटच्या तीन गोधड्यांशी जुळायला हवे होते. तिच्या अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानातूनच तर आजी कापडाचे तुकडे न्यायची.

एक गोधडी घरात होती, दुसरी वरच्या मजल्यावरच्या सिंधुबाईंनी दिली. तिसरीवर मात्र आलिमाचा तान्हा भाऊ झोपला होता. वैष्णवीने त्याला अलगद उचललं, आलिमाने गोधडी ओढून खाली चादर सरकवली. पठ्ठ्या शिंकला, एक डोळा उघडून त्याने दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा झोपला.

मग दोघी आजीला घेऊनच हॉलवर धडकल्या. पाहुण्याबाई आलेल्याच होत्या. इथे धुणं वाळत घालायचं नाही, असं कुंदन म्हणेपर्यंत गोधड्या पसरून झाल्या होत्या.

"दादा, या पिशव्यांचे आतले खिसे कसे आहेत?" वैष्णवीने विचारलं.

कुंदनने एकही पिशवी उघडून पाहिली नव्हती. तो शिलाई वर्गाच्या बाईंकडे बघू लागला. बाई म्हणाल्या, या पिशव्या आमच्या नाहीतच, आमच्या तर अजून पोत्यात आहेत.

"तीन हिरव्या चौकड्या, तीन जांभळे ठिपके, तीन पिवळी फुलं," आलिमा म्हणाली. "आणि एका फुलाला अब्बांच्या इस्त्रीचा डाग आहे."

पाहुण्याबाईंनी स्वतः पिशव्या उलट्या केल्या. खिसे गोधड्यांना तंतोतंत जुळले. इस्त्रीचा डाग तर अर्धा खिशात, अर्धा गोधडीत.

कुंदनने मुकाट्याने पाटी बदलली. पाहुण्याबाईंनी मानाची शाल आजीच्या खांद्यावर घातली आणि पोरींची पाठ थोपटली. आजीने शाल सावरली. मग दोघींना पुढे ओढून म्हणाली, "मला अक्षर वाचता येत नाय. पण माझी शिलाई वाचली या दोघींनी."

आणि कुंदनकडे वळून, "ती फुलांची गोधडी नीट घडी घालून दे. लेकरू उठलं असंल."