ट्रम्पेटवाल्याचं घर

विमानतळाच्या बाहेरच्या दारापाशी ती दोघं शेजारीशेजारी उभी होती. ओळख ना पाळख, पण दोघांनाही नेमकी एकाच वेळी कोणीतरी टांग दिली होती.

तिच्या हातात पाटी होती – 'आजी-आजोबांचं स्वागत'. परराज्यातून घर घ्यायला येणारं एक म्हातारं जोडपं. त्या आजींचा आत्ताच फोन आला होता, "मुली, आमचं येणं रद्द. यांचं मन फिरलं." तिचा चेहरा पडला. घरं विकण्याच्या मावशीच्या एजन्सीत तिला सगळे 'किल्ली' म्हणत, कारण चाव्यांचा जुडगा सतत तिच्या बोटात फिरत असे. बाहेरगावचे पाहुणे मावशीने पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवले होते. "लक्षात ठेव," मावशी म्हणाली होती, "दुरून येणारा माणूस भिंती बघत नाही गं. इथे आपण रमू का, ते बघतो. घरी आलेल्या पाहुण्यासारखं जप त्याला."

आणि पाहुणेच नाहीत!

शेजारचा उंच तरुण पुन्हापुन्हा फोन लावत होता. त्याच्या कुशीत एक काळी पेटी होती, तान्ह्या बाळासारखी धरलेली.

"घर बघायला आलात?" तिने विचारलं.

"हो. पण दाखवणारा गायब आहे. फोन बंद."

"माझ्याकडे दाखवायला घरं आहेत, बघणारे गायब आहेत."

त्याने पाटी वाचली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "यातला मी कोण? आजी की आजोबा?"

"गुडघे कसे आहेत, त्यावर ठरवू," ती म्हणाली, आणि दोघंही फिसकन हसली.

तिने मावशीला फोन करून विचारलं. मावशी म्हणाली, "आलेला पाहुणा परत पाठवतात का? आण."

गाडीत सगळी तयारी म्हाताऱ्यांची होती. पाठीला उशी, थर्मासात कोमट पाणी, मोठ्या अक्षरांतला नकाशा. त्याने मुकाट्याने उशी पाठीला लावली. "पेटी डिकीत ठेवू?" तिने विचारलं, तर तो दचकलाच. "नको… ती माझ्याजवळ राहू दे."

पहिल्या दिवशी तिने एकही घर दाखवलं नाही. शहर दाखवलं. भाजीबाजार, दवाखाना, तो जिथे शिकवायला येणार होता त्या महाविद्यालयाची बस. दर थोड्या अंतरावर ती बाक दाखवून म्हणे, "बसा. कार्यक्रमात आहे."

"मी दमलो नाहीये हो."

"आजोबांनी वाद घालू नये."

बागेतल्या बाकावर भुरभुर पाऊस आला. तिने छत्री उघडली, ती नेमकी एकाच माणसापुरती. खांद्याला खांदा लागला… दोघंही समोरच्या झाडाकडे फार लक्ष देऊन बघू लागली. त्याच्या वरच्या ओठावर एक गोल, लालसर वळ होता. कशाचा असेल? — आणि आपण कुठे टक लावून बघतोय हे ध्यानात येताच तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी घरं सुरू झाली. तो प्रत्येक घराचं कौतुक करी आणि प्रत्येक घर नाकारी.

"शांत आहे ना?" ती उत्साहाने विचारी.

"फारच शांत आहे," तो उदासपणे म्हणे.

तिसऱ्या घराच्या स्वयंपाकघरातून त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई ठेंगणी, चटपटीत. "ओटा माझ्या कोपराच्या वर नको हं," तिने बजावलं. मग आवाज खाली आला. "आणि शेजारी कोण आहे ते विचारलंस का रे? पुन्हा रातोरात सामान हलवायचं बळ नाही माझ्यात."

फोन बंद झाला. किल्लीने हाताची घडी घातली. "पुन्हा म्हणजे?"

त्याने ओट्यावर पेटी ठेवली, उघडली. आत लखलखीत पितळी ट्रम्पेट होता.

"मी हा वाजवतो. हाच शिकवणार आहे. पण रोज तास-दोन तास रियाज केल्याशिवाय हात राहत नाही… ओठ राहत नाहीत. भाड्याच्या घरांतून आम्हाला वारंवार काढलं. शेवटच्या खेपेला आई पायरीवर बसून रडली. म्हणाली, आता स्वतःचं घर, नाहीतर मी हलत नाही. तिला सोडून मी येणार नाही. उद्या परतायच्या आत घर ठरलं नाही, तर नोकरीला नाही म्हणून कळवायचं." तो थांबला. "त्या एजंटला खरं सांगितलं होतं. म्हणूनच बहुतेक त्याचा फोन बंद."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीही गेला असतात."

"मी?" तिचा आवाज रिकाम्या घरात घुमला. "कालपासून मी तुमचे गुडघे सांभाळतेय, आणि मी जाईन?"

तो बघतच राहिला. मग हळूच हसला. तो हसला की वळ किंचित रुंदावे. आता तिला कळलं होतं, तो ट्रम्पेट ओठांवर दाबल्याचा आहे, तरी कान तापायचे ते तापलेच.

"चला," ती चाव्या वाजवत म्हणाली, "आता घरं नाही, शेजारी बघू."

मग ती दोघं एकेका घरात शिरू लागली. तो आत ट्रम्पेट फुंकी, ती शेजारच्या दारात कानाला फोन लावून उभी.

"येतंय ऐकू?" तो विचारी.

"मला येतंय. शेजारच्या कुत्र्यालाही येतंय. तोही गातोय."

"सुरात?"

"तुमच्यापेक्षा बरा आहे!"

पण हसण्यावारी नेलं तरी दारं बंदच होत होती. कुणाचं बाळ उठलं, कुणी खिडकी धाडकन आपटली. तिसरा दिवस उजाडला, कलला. संध्याकाळच्या विमानाची वेळ जवळ येत चालली. शेवटचं घर गल्लीच्या टोकाला, बैठं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेलं. ओटा बुटका, अगदी आईला हवा तसा. ते बघून त्याने डोळेच मिटले. "नको. भिंतीला भिंत आहे. मला आशा नको दाखवू— दाखवू नका."

"वाजवा," ती म्हणाली.

सूर निघाला मात्र, शेजारचं दार उघडलं. केस पिंजारलेले, डोळे तांबारलेले एक भलेमोठे काका बाहेर आले. "कोण ते?"

किल्ली दारातून हलली नाही. "काका, तो ट्रम्पेट आहे. वाजवणारा माझा पाहुणा आहे. त्याला इथे राहायचंय. रोज वाजवणार. तुमची झोपेची वेळ सांगा, त्या वेळेत भिंतीला कान लावलात तरी आवाज येणार नाही. शब्द माझा."

काका डोळे चोळत राहिले. "मी बेकरीवाला. रात्रभर भट्टीपुढे उभा. दुपारभर झोपतो, संध्याकाळी उठायचं असतं… उठवत नाही. घड्याळं फोडून झाली."

आतून काकूंचा आवाज आला, "मी ओरडून ओरडून दमले! आज कसे ताडकन उठले बघा!"

काकांनी भिंतीकडे पाहिलं. "दुपारी गप्प. संध्याकाळी मला जाग येईपर्यंत वाजवायचं. नागा करायचा नाही. जमेल?"

"जमेल!" घराच्या आतून कोणीतरी किंचाळलं. ते पेटीवालं गंभीर माणूस होतं, यावर किल्लीचा विश्वास बसेना.

तेवढ्यावर ती थांबली नाही. गल्लीतल्या प्रत्येक दारावर जाऊन तिने विचारून घेतलं. मालकाला बोलावलं, आईला फोनवर ओटा दाखवला, आणि विसारपावतीवर सही झाली तेव्हा विमानतळ गाठायला जेमतेम वेळ उरला होता.

निरोप घेताना तो अडखळला. "मला… एक सांगायचं होतं—"

"आत्ता नको." तिचं काळीज धडधडत होतं. "घराचा ताबा मिळेपर्यंत मी तुमची एजंट आहे. मावशीची शिस्त आहे."

मग रोज फोन येऊ लागले. पडद्याचं माप काय? बस कुठल्या बाजूने येते? नळाला पाणी किती वाजता? मापं संपली, नळ संपले, फोन संपेनात. मावशी फायलीतून डोकं वर न काढता म्हणे, "फारच अवघड घर दिसतंय."

आणि एके दिवशी सामानाचा ट्रक गल्लीत शिरला. किल्लीने मालकाकडून चाव्या घेऊन त्याच्या आईच्या तळहातावर ठेवल्या. आईने दार उघडलं, घरभर फिरली, आणि एक खोकं उगाचच उचलून मागच्या अंगणात निघून गेली. जाताना म्हणाली, "दोघं सावकाश बोला. मला ऐकू कमी येतं." तिला चांगलं खणखणीत ऐकू येत होतं.

तो उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"काय हे," ती म्हणाली, "छातीत एवढा श्वास आणि एक वाक्य निघत नाही?"

"ट्रम्पेट सोपा आहे हो…"

"मग मीच सांगते. आता मी तुमची एजंट नाही. मला तुम्ही आवडता. बागेत छत्रीखाली बसलो होतो ना, तेव्हापासून. संपलं!"

तो इतका हसला की भिंतीला टेकावं लागलं. "किल्ली… एक विचारू? 'अहो-जाहो' सोडलं तर चालेल?"

"एवढंच?"

"नाही." तो जवळ आला. आवाज अगदी खाली, अगदी स्वच्छ. "लग्न करशील माझ्याशी?"

बाहेर ट्रकवाला विचारत होता, कपाट कुठे ठेवू. कुणीच उत्तर देईना.

"करेन," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर डोकं काढून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "कपाट आतल्या खोलीत! आणि जपून हो, घर माझं आहे!"