खाली उतरा…

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे खरंच घडलंय. ज्या बाईच्या घरी घडलं ती माझी सख्खी मावशी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं तिने. बागेत साप निघाला तर किंचाळायच्या आधी काठी शोधणारी बाई. ती खोटं बोलत नाही, आणि वाढवून तर मुळीच सांगत नाही.

ठिकाण वसईचं सांडोर. दिवस गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातले. वेळ तिन्हीसांजेची.

हो, रात्रीची नाही. जे यायचं ते दिवे लागायच्या वेळेलाच यायचं.

मावशीचं नाव क्लेमेंटीन. काका वारले, मुलगा मस्कतला. दुमजली घर, मागे केळीची बाग, वर जायला बाहेरून सिमेंटचा जिना. वरची खोली रिकामीच पडलेली. एक दिवस सिस्टर सालोमी आल्या. या नन मावशीच्या जुन्या ओळखीच्या.

"टीचर, एक बाई आहे आणि तिची मुलगी. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आल्यात. हजारा जमातीच्या, शिया पंथाच्या. तिकडे त्यांना वेचून वेचून मारतात. तुमची वरची खोली द्याल?"

मावशीने विचारलं, "स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतील ना?"

बस्स. एवढंच विचारलं.

अशी लतीफा आली. बरोबर तिची मर्झिया, आठ-नऊ वर्षांची. लतीफाला हिंदी बरं यायचं, मालिका बघून शिकलेली. वसईतल्या एका दुकानासाठी ती कपड्यांवर भरतकाम करायची. दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीने दिलेलं एक कार्ड तिच्याकडे होतं. आश्रयाच्या अर्जाचा निकाल यायचा होता. तोवर त्या मायलेकी ना पाहुण्या, ना इथल्या. मधल्यामध्ये.

शेजारी मावशीचा दीर राहतो, कॉन्रॅड. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, चार लोकांनी विचारलं तर काय सांगशील?"

"माझ्या घरात राहतात म्हणून सांगेन."

"तेवढ्याने भागत नाही आजकाल."

तो चुकीचं बोलत नव्हता. पण ते पुढे.

नोव्हेंबर म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांचा मृतांचा महिना. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, रोझरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, गेलेल्यांची नावं घेतात. अशाच एका संध्याकाळी मावशी एकटीच रोझरी म्हणत होती. आणि…

जिन्यावर पावलं वाजली.

एकाची नाहीत. बऱ्याच जणांची. जड बूट. दमलेली, ओढत टाकलेली पावलं. वर चाललेली.

मावशीला वाटलं, लतीफाकडे कोणी आलं असेल. ती बाहेर आली.

जिना रिकामा.

"लतीफा, कोई आया क्या?"

लतीफा वर कठड्याशी उभी होती. "नहीं, टीचरजी."

पण ती मावशीकडे बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जिना झाडायला गेली. पायऱ्यांवर धूळ. पांढुरकी, कोरडी, पिठासारखी. आता सांडोरची माती कशी, काळी आणि ओली, चिकटली की सुटत नाही. बागेला तर बारा महिने पाणी. अशी धूळ आमच्याकडे शोधून सापडायची नाही.

तिने झाडून टाकली.

पुढच्या सकाळी परत तेवढीच.

मग आवाज सुरू झाला.

दिवे लागायची वेळ. केळीचं पान हलत नव्हतं. गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली… आणि फाटकाबाहेर डिझेलचं इंजिन घरघरायला लागलं. मोठं. बसचं असतं तसं.

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा वळत नाही.

इंजिन थांबलं. दार खाडकन उघडल्याचा आवाज. मग एक पुरुषी आवाज, शांत, घाई नसलेला. हजेरी घ्यावी तसा नावं घेत होता. मधले शब्द मावशीला कळले नाहीत. नावं मात्र ऐकू आली.

"नौरोझ… इवज… खादिम…"

ती खिडकीशी गेली. गल्लीत कोणी नाही.

ती तशीच वर गेली. लतीफा भिंतीला पाठ लावून बसली होती, दारापासून लांब. मर्झियाचं डोकं मांडीवर, आणि दोन्ही हातांनी तिचे कान घट्ट झाकलेले.

"नौरोझ कोण, लतीफा?"

त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हे नाव या घरात कधी उच्चारलंच नव्हतं.

"मेरा शौहर."

मग त्या संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. ती सगळी माणसं बसने निघाली होती. घाटात बंदूकवाल्यांनी बस अडवली. तोंडं बांधलेली. एक जण आत चढला. ओळखपत्रं बघितली, चेहरे बघितले. हजारा लोकांचे चेहरे वेगळे, लपत नाहीत. शिया कोण ते त्याला विचारावंही लागलं नाही. नावं घेत गेला आणि म्हणत गेला, खाली उतरा. पुरुष उतरले. नौरोझ, त्याचा भाऊ इवज, शेजारचा खादिम, आणखी किती तरी. बायकामुलांना घेऊन ड्रायव्हरला बस पुढे न्यायला लावली. मागे वळून बघू दिलं नाही.

"सिर्फ आवाज सुना," लतीफा म्हणाली. "देखा नहीं. दफनाया भी नहीं."

मावशीने उघड्या दारातून जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे जिन्यावर… ते?"

लतीफाने मान हलवली. "बस हमको लेके चली गई ना. वो ढूँढते हैं, हम पहुँचे कि नहीं."

"आणि तो नावं घेणारा? तो कोण त्यांच्यातला?"

लतीफाने मर्झियाला जवळ ओढलं.

"वो उनमें से नहीं है, टीचरजी. वो आवाज… उतारनेवाले की है."

मावशी सांगते, तोवर तिला भीती वाटली नव्हती. मेलेली बिचारी माणसं, आपलं माणूस शोधत आली, त्यात काय भ्यायचं? पण त्यांच्या मागोमाग तो पण आला होता. इतक्या लांब. डोंगर ओलांडून, थेट सांडोरपर्यंत.

त्या दिवसापासून मावशी रोझरीत त्यांची नावं घ्यायला लागली. कॉन्रॅडने ऐकलं तेव्हा तो चमकला. "वहिनी, आपल्या प्रार्थनेत ही नावं?"

"गेलेलीच माणसं ना रे? मग?"

नंतर पावलं वर जायची थांबली. जिन्यावरच बसल्यासारखी वाटायची. कोणी खाकरल्यासारखं. कोणी उसासा टाकल्यासारखं. एका संध्याकाळी मर्झिया खाली आली आणि तांब्याभर पाणी मागायला लागली.

"किसके लिए, बाय?"

"उनके लिए. बस में पानी खतम हो गया था."

मावशीने भरलेला तांब्या पायरीवर ठेवला.

सकाळी तांब्या कोरडा होता. तळाशी धूळ.

इकडे गावाबाहेर वेगळंच शिजत होतं. कोणीतरी लतीफाचा फोटो काढला, दुकानातून येताना. तो मोबाइलवर फिरला. खाली लिहिलेलं, सांडोरमध्ये परदेशी घुसखोर लपलेत, सावध राहा. कोणी बांगलादेशी म्हणालं, कोणी अतिरेकी. ज्यांच्या हातून जीव वाचवून ती पळाली, त्यांच्यातलीच तिला ठरवली.

लतीफाने मावशीच्या मोबाइलवर तो फोटो बघितला. वाचता येत नव्हतं, पण समजलं. तिने पिशवी भरायला घेतली.

"कुठे जाशील?" मावशीने विचारलं.

लतीफाने हात थांबवला. परत पाठवलं तर मरण, आणि पुढे जायला देश नाही.

"पिशवी ठेव खाली," मावशी म्हणाली.

त्याच संध्याकाळी माणसं आली.

फाटक ढकलून अंगणात शिरली. घोळकाच. वीज नेमकी तेव्हाच गेली. मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या. पुढे प्रल्हाद होता. हा तिकडे नव्या बिल्डिंगमध्ये राहणारा, नोकरदार, सभ्य माणूस. दर रविवारी मावशीकडून केळी न्यायचा. त्याची मुलगी मावशीकडे शिकलेली.

"टीचर, तुमच्याशी भांडण नाही," तो म्हणाला. "त्यांना खाली बोलवा. आम्ही विचारतो काय ते."

"विचारायचं ते पोलीस विचारतील. तुम्ही कोण?"

मागून कोणी ओरडलं, "म्हातारीला बाजूला घ्या रे!"

मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. पाय कापत होते म्हणून बसली, असं ती सांगते. शूरपणा वगैरे काही नाही.

"मला ओलांडून जा वर."

कॉन्रॅड त्याच्या ओट्यावर उभा होता. "वहिनी, आत ये," एवढंच पुटपुटला. मग कोणास ठाऊक काय वाटलं, उतरला आणि मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

प्रल्हादने मान वर केली. खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. तोंड उघडलं.

आणि…

तो आवाज.

तोच. शांत. घाई नसलेला.

प्रल्हादच्या गळ्यातून, त्या परक्या भाषेत. "नौरोझ… इवज… खादिम…" आणि जरा थांबून, "लतीफा… मर्झिया…"

मग स्वच्छ मराठीत, "खाली उतरा."

वरच्या खोलीतून हुंदका आला.

आणि मावशीच्या पाठीमागे पावलं वाजली. जड बुटांची.

या वेळी खाली येणारी.

मावशीने मागे बघितलं नाही. थंड, कोरडी हवा मानेवर आली. डिझेलचा वास. धुळीचा वास. अगदी मागच्या पायरीवर कोणी तरी येऊन थांबलं. जाडसर कापड तिच्या खांद्याला घासलं.

समोरच्या माणसांच्या बॅटऱ्या हळूहळू वर उचलल्या गेल्या. मावशीच्या डोक्यावरून मागे. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, वर, आणखी वर.



एकाच्या हातून मोबाइल पडला. तो उचलायलाही कोणी वाकलं नाही. माणसं मागे सरकली. पाठ न फिरवता, तशीच उलट्या पावली फाटकापर्यंत गेली. आणि मग पळाली.

मावशी वळली.

जिना रिकामा होता. तिच्या खांद्यावर पांढरी धूळ होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. दिवसाउजेडी. कार्ड बघितलं, दिल्लीला फोन लावला, जबाब घेतला आणि गेले. पण आता तिथे राहणं धोक्याचंच होतं. सिस्टर सालोमींनी धावपळ केली आणि मायलेकींना दिल्लीला पोचवलं. पुढे अर्ज मंजूर झाला. आज त्या तिसऱ्याच एका देशात आहेत. कुठल्या, ते मी लिहिणार नाही. मर्झिया अधूनमधून गणितं विचारायला फोन करते.

त्या गेल्यावर प्रल्हाद आला होता. गळ्याला मफलर. आवाज पार बसलेला.

"टीचर, तुमच्याकडे एवढे पाहुणे होते तर सांगायचं ना तेव्हाच."

"कसले पाहुणे?"

"जिनाभर उभे होते की. पुरुष माणसं. धुळीने माखलेली." तो थांबला. नजर जमिनीवर. "टीचर… मी त्या दिवशी काय बोललो?"

"आठवत नाही तुला?"

"'मला ओलांडून जा' म्हणालात, त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही. मी तर मनात परत फिरायचं म्हणत होतो. खरंच सांगतो."

मावशी म्हणते, तो खोटं बोलत नव्हता.

जिन्यावर आता पावलं वाजत नाहीत. धूळ नाही. ठेवलेलं पाणी सकाळी तसंच असतं. ती माणसं आपल्या माणसांच्या मागे गेली असावीत.

तो मात्र गेला नाही.

आताच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मावशी आणि कॉन्रॅड दिवे लावून रोझरीला बसले होते. समोरासमोर. कुत्री गप्प झाली… बाहेर इंजिन घरघरलं… थांबलं. आणि फाटकापाशी कोणी तरी हाक मारली.

"वहिनी… वर कोण आहे?"

आवाज कॉन्रॅडचा होता.

कॉन्रॅड मावशीच्या समोर बसला होता. ओठ मिटलेले. माळ हातातून गळून पडलेली.

कोणीच उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळाने कुत्री भुंकायला लागली.

तेव्हापासून मावशी संध्याकाळी ओळखीच्या हाकेलाही चटकन ओ देत नाही. आधी माणूस दिसू दे, म्हणते. दुकानदार असो, शेजारी असो, सख्खा भाऊ असो. कॉन्रॅड तर अंधार पडल्यावर फारसा बोलतच नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते तेव्हा सिस्टर सालोमींचा फोन आला. आणखी एक कुटुंब आहे, म्हणाल्या. दुसऱ्या देशातलं, दुसऱ्या धर्माचं. नवरा, बायको, तान्हं मूल. तसंच पळून आलेलं. कोणी खोली देत नाही.

मावशी फोन कानाला लावूनच खिडकीशी गेली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तिची नजर फाटकावर.

"पाठवा," ती शेवटी म्हणाली. "पण सिस्टर, दिवे लागायच्या आत पाठवा."