तिसरी हाक

कंदील बारीक करा. ऐकायचं असेल तर मध्ये बोलायचं नाही. भिवाजी माझा चुलता. आयुष्यात एकदाच खोटं बोलायला निघाला, त्या रात्रीची ही गोष्ट.

सन सहासष्ट. पौषातली अवस. जेवण उरकून भिवाजी कुंभिवलीहून कर्जतला पायी निघाला. सकाळी प्रांतसाहेबांपुढं साक्ष होती.

तेव्हा तांदूळ जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी. याच वाटेवरच्या चढावर पोलिसांचा नाका असे, आणि कंदील धरायला भिवाजी. महिन्यापूर्वी रात्री शेलूच्या कान्हाची बैलगाडी तिथं आली. वाऱ्यानं कंदील विझलेला. हवालदार अंधारातूनच ओरडला, "ए, थांब!" पुन्हा ओरडला. गाडी चालतच राहिली. गोळी सुटली. कान्हा जागीच गेला. गाडीत नुसता पेंढा निघाला.

कान्हा का थांबला नाही, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्री अंधारातून हाक आली तर तिसरीपर्यंत ओ देऊ नये. भूत दोनच हाका देतं. हवालदारानं मात्र लिहून दिलं, तीन हाका दिल्या, तरी गाडी थांबली नाही. म्हणजे तिसरीलाही न थांबणारा तो चोरच.

भिवाजीला त्यानं बजावलं, "तीन म्हणायचं. दोन म्हणालास तर बंदीचा तांदूळ तुझ्याच माळ्यावर सापडेल."

कान्हाची बायको गौराबाई दारात येऊन बसली होती. "दादा, माजा घरधनी चोर नव्हता. चोराच्या पोरीशी कोण सोयरीक करील? तुमी ऐकलंत तेवढंच सांगा."

भिवाजी निघताना त्याची बायको सोमी म्हणाली, "कंदील धरलात तो धरलात. आता जीभ बी हवालदाराच्याच हातात दिलीत?"

तरी तो तीनच म्हणणार होता.

चढ लागला. गोळी सुटल्यापासून तिथला नाका उठला होता. साहेब विचारतील, हाका कशा दिल्या? म्हणून भिवाजीनं तालीम करून पाहिली.

"ए, थांब!"

रान गप्प.

"ए, थांब!"

रातकिडेही थांबले.

तिसरी त्या रात्री कुणी दिलीच नव्हती. भिवाजीनं दिली.

"ए... थांब!"

...

"ओ."

अगदी जवळून. साधा आवाज. शेतातला माणूस ओ देतो, तसा.

"थांबलो, दादा."

बैल फुरफुरले. घुंगरं वाजली... बंद झाली.

रस्ता रिकामा.



"जाऊ का रं आता?"

त्याला जा म्हणणारा भिवाजी कोण?

...

उजाडता कर्जतला पोचला. साहेबांनी विचारलं, "हाका किती?"

"दोन."

हवालदारानं मान वर केली. साहेब म्हणाले, "आणि तिसरी?"

"ती मी दिली, साहेब. काल रात्री. तिला ओ आली."

कचेरीत सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी 'दोन' लिहिलं.

कान्हाच्या नावावरचा डाग पुसला. आठवड्यात भिवाजीच्या माळ्यावर तांदूळ सापडला, आणि तो चार महिने आत बसला. त्याची तक्रार त्यानं कधी केली नाही.

पण साक्ष देऊन तो परतला, त्या दुपारचं सांगतो. चढावर, ओ आली होती तिथंच, रस्त्यात दोन दगड होते. चढाला गाडी उभी केली की चाकांमागं लावतात ना, तसे. बरोबर गाडीच्या रुंदीवर. आजूबाजूच्या धुळीत चाकोरी नव्हती, खूर नव्हता.

दगडांवर मात्र चाकाच्या लोखंडी धावेची घासण होती. ताजी.